निकालाच्या दिवशी घरी यावंसं वाटलं पाहिजे

(१९८१ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या पोटभर खाल्ल्यावर भाषण ऐकायला बसवणं ही शिक्षाच आहे, हे मला मान्य आहे. तीस-एक वर्षं धुळ्याला शाळेत शिकवलं, त्यामुळे जेवणानंतरच्या तासाला कोण कुठे झोपतं ते मला इथून बरोबर दिसतं. तरी थोडा वेळ जागे राहा. मागच्या बाकांवर बसलेल्यांना तर खास विनंती, कारण आज त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

संयोजकांनी मला विषय दिला, 'आजची किशोरवयीन मुलं आणि ताणतणाव'. यातला 'आजची' हा शब्द मी आधी खोडते. आत्ता तुमच्यापैकी कित्येकांच्या मनात आलं असेल की आजची मुलं फार नाजूक आहेत. आम्ही छड्या खाल्ल्या, अंगठे धरून उभे राहिलो, आम्हाला काय झालं? मलाही असंच वाटायचं. या मेळाव्याची आमंत्रणं करताना मी एक फोन केला, आणि त्या दिवसापासून मला तसं म्हणता येईना.

आपल्या वर्गाचे पत्ते आणि फोन नंबर शोधायचं काम आम्हा चौघांकडे होतं. एक मुलगा दहावीनंतर कुणालाच भेटला नव्हता. शेवटी त्याच्या पुतण्याकडून नंबर मिळाला, सुरतेच्या उधन्याचा. मी फोन लावला, ओळख दिली, तारीख-वेळ सांगितली. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग तो म्हणाला, "ताई, मी तर नापास होतो. नापास झालेल्यांनापण बोलावता का?"

साठीला आलेला माणूस. स्वतःचं दुकान आहे, मुलं मार्गी लागली, नातवंडं शाळेत जातात. आणि शाळेचं नाव ऐकताच त्याला पहिली आठवण झाली ती त्या निकालाची. मला काय उत्तर द्यावं सुचेना. पुन्हा दोन-तीनदा बोलणं झालं, तेव्हा तो यायला तयार झाला. पण अट घातली : "माझी गोष्ट सांगणार असशील तर येतो. नाव घेऊ नको." तो आज आला आहे. कोण ते शोधत बसू नका. सकाळपासून तुम्ही त्याच्याशी बोललाच असाल.

त्याची गोष्ट अशी.

१९८१ चा जून. आपले निकाल तेव्हा शाळेतच मिळायचे. कार्यालयाच्या खिडकीसमोर रांग लावली होती, आठवतं ना? तो गणित आणि इंग्रजी अशा दोन विषयांत गेला. आकाश कोसळावं असं काही नव्हतं. ऑक्टोबरला बसता आलं असतं. कितीतरी जण बसायचे. पण त्याचे वडील जिनिंगमध्ये हमाली करायचे. निकालाच्या आधी आठ-दहा दिवस ते कामावरून दमून आले होते आणि कशावरून तरी चिडून म्हणाले होते, "नापास झालास तर या घराची पायरी चढू नको."

त्याने ते शब्दशः धरलं. गुणपत्रिका खिशात घातली आणि घराकडे वळायच्या ऐवजी स्टेशनवर गेला. ताप्ती लाइनची पॅसेंजर उभी होती, तिच्यात बसला. अमळनेरला त्याची मावशी राहायची. "तिथे उतरू का, उतरू का, असं सारखं वाटत होतं," तो मला म्हणाला. "पण मावशी दारातच विचारणार, निकाल काय लागला? म्हणून नाही उतरलो." नरडाणा गेलं, दोंडाईचा गेलं, नंदुरबार गेलं. पहाटे सुरत. चार-सहा दिवसांनी एका यंत्रमागाच्या कारखान्यात बॉबिन भरायचं काम मिळालं. तिथे खानदेशातली माणसं होतीच, त्यांनी झोपायला जागा दिली.

वडील त्याला सात महिने शोधत होते. कुणीतरी सुरतेत पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा ते कारखान्याच्या दारात जाऊन उभे राहिले. पोराला पाहिलं आणि खाली बसले. नंतर त्यांनी त्याला एवढंच विचारलं, "का गेलास रे?" याने ते वाक्य त्यांना सांगितलं. वडील म्हणाले, "मी असं म्हटलं होतं? मला तर आठवतही नाही."

त्यांना खरंच आठवत नव्हतं. आपण मुलांना असं किती काय काय बोललो आहोत, जे आपल्याला आज आठवत नाही?

आणि त्या सात महिन्यांत आपण काय करत होतो? आपण पेढे वाटले, अकरावीचे फॉर्म भरले. जूननंतर तो हजेरीपटात नव्हता, म्हणून आपल्या लक्षातही नव्हता. मी त्याला फोनवर 'तुझी खूप आठवण यायची' असं म्हणणार होते. ते खरं नव्हतं, म्हणून म्हटलं नाही.

आता माझं सांगते. मुलींची भीती वेगळी असायची आणि ती निकालाशी बांधलेली नसायची.

मी नववीत असताना शाळेतून घरी जाताना एक मुलगा रोज सायकलवरून मागे यायचा. आपल्या शाळेचा नव्हता. आधी नुसता मागून यायचा, मग काहीबाही बोलायला लागला. एकदा त्याने माझ्या दप्तराचा पट्टा ओढला. मी घरी एक अक्षर बोलले नाही. कारण माझ्या चुलत बहिणीने असंच घरी सांगितलं होतं. त्या मुलाला कुणी काही केलं नाही. हिची शाळा बंद झाली आणि पुढच्या वैशाखात लग्न लागलं. मला दोन्हींची भीती होती, पण खरं सांगते, त्या मुलापेक्षा घरी कळण्याची भीती जास्त होती. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींनी असंच गिळलं असेल, ते मला माहीत आहे. सकाळी चहाच्या वेळी दोघींनी सांगितलंही.

मला रोज शाळेची वेळ झाली की पोटात कळ यायची. आई ओवा द्यायची. वर्गात लक्ष लागेना, सहामाहीत गुण घसरले. गुण घसरल्याबद्दल बरेच जण बोलले. पोट का दुखतं, हे एकाच व्यक्तीने विचारलं. आपल्या शिवणाच्या बाई. आज त्या समोर बसल्या आहेत, ऐंशीच्या घरात आहेत, आणि मी नाव घेतलं तर मला रागावतील.

त्या दिवशी मी कापडाऐवजी स्वतःच्याच ओढणीला टाका घातला. बाईंनी तो शांतपणे उसवला. तास संपल्यावर मला मशिनजवळ थांबवून घेतलं आणि अहिराणीत विचारलं, "काय व्हयनं वं माय?" वर्गात त्या कधी अहिराणी बोलायच्या नाहीत. मला एकदम रडू आलं आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी ओरडाआरडा केला नाही. 'तूच काही केलं असशील' असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला : "तुझ्या घरी सांगितलं तर काय होईल?" मी म्हटलं, शाळा सुटेल. त्या म्हणाल्या, "मग आधी तुझी शाळा सुटणार नाही असं बघू. घरी मी येईन, पण तुला विचारून."

दुसऱ्या दिवसापासून त्या बाजूच्या आम्ही पाच मुली एकत्र जायला लागलो आणि बाई चार दिवस आमच्याबरोबर चालत आल्या. मुख्याध्यापकांनी त्या मुलाच्या घरी निरोप पाठवला. पंधरा दिवसांनी बाई आमच्या घरी आल्या, आईशी बोलल्या, मग वडिलांशी बोलल्या. माझी शाळा सुटली नाही. मी शिक्षिका झाले, त्याची मुळं त्या शिवणाच्या मशिनपाशी आहेत.

एक मुलगा अमळनेरला उतरला नाही आणि मी सांगितलं. माझ्यात धीर जास्त होता म्हणून असं झालं का? मुळीच नाही. मला विचारणारं माणूस भेटलं, त्याला भेटलं नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे. मुलाला वाईट बातमी घेऊन जाता येईल असं एक तरी मोठं माणूस त्याच्या आयुष्यात पाहिजे. आधी ऐकेल आणि नंतर काय ते बोलेल, असं माणूस.

खानदेशात अशी माणसं पूर्वीही होऊन गेली. अमळनेरचंच घ्या. १९२४ साली साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले आणि पुढे छात्रालयाचं काम त्यांच्याकडे आलं. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात गेले. म्हणजे जेमतेम सहा वर्षं. पण त्या सहा वर्षांच्या आठवणी अमळनेरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. ते मुलांच्या खोल्या झाडत, पसरलेली अंथरुणं आवरत, आजारी मुलापाशी बसून राहत. मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. घर सोडून आलेल्या मुलांना रोज आपल्याशी कुणीतरी बोलतंय, असं त्यातून वाटत असणार.

पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. आपण ते रडत रडत वाचलं. आता मोठेपणी वाचताना माझ्या लक्षात आलं की त्या बेचाळीस रात्रींमध्ये श्याम स्वतःच्या चुका सांगतो आहे. तो घाबरला, खोटं बोलला, हट्ट केला, हे सगळं एक मोठा झालेला माणूस मुलांसमोर बसून सांगतो. आपण आपल्या मुलांना आपले पराक्रम सांगतो. माझ्या मुलाला तो नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं की मला नववीच्या सहामाहीत गणितात पस्तीसच्या खाली गुण होते.

कुणी म्हणेल, त्याच पुस्तकात पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आईने मारलंच की. हो, मारलं. पण नंतर तीच आई त्याच्या अंगावरचे वळ पाहून कळवळते, हेही त्यात आहे. आपण आईच्या हातातली काठी तेवढी लक्षात ठेवली आणि नंतरची आई विसरलो. इथे बसलेल्या सरांना आणि बाईंना मी काही दोष देत नाही. तुम्ही आमच्यासाठी सुट्टीत फुकट जादा तास घेतलेत, फी भरायला पदरचे पैसे दिलेत. त्या काळी छडी म्हणजे शिस्त, असंच सगळे मानत होते, आमचे पालकसुद्धा. पण 'आम्हाला काही झालं नाही' हे आपण म्हणतो ते आपल्यापुरतं. ज्याला झालं, तो हे सांगायला मेळाव्याला येत नाही.

आता माझी स्वतःची चूक. ती सांगितल्याशिवाय खाली बसले तर हे भाषण खोटं ठरेल.

धुळ्याला मी आठवीला शिकवत होते. नोकरीची सात-आठ वर्षं झाली होती, म्हणजे सगळं येतं असं वाटायचे दिवस. एका मुलाने प्रगतिपुस्तकावर वडिलांची खोटी सही केली. मी ती लगेच ओळखली, आणि ओळखल्याचा मला अभिमान वाटला. वडिलांना बोलावून घेतलं. शिक्षकांच्या खोलीत, आमच्या सगळ्यांसमोर, त्यांनी मुलाच्या कानशिलात मारली. मी "अहो, राहू द्या" म्हटलं, पण ते म्हणण्यापुरतं. मुलगा आठवडाभर आला नाही. आला तो वर्ष संपेपर्यंत माझ्याकडे मान वर करून बोलला नाही.

बऱ्याच वर्षांनी तो देवपूर भागात रस्त्यात भेटला. वाकून नमस्कार केला. मीच विषय काढला. तो हसून म्हणाला, "बाई, पहिल्या चाचणीचं प्रगतिपुस्तक मी खरं दाखवलं होतं. तेव्हा पट्ट्याने मार बसला. म्हणून दुसऱ्या वेळी सही केली."

म्हणजे खरं सांगण्याची शिक्षा त्याला आधीच मिळाली होती. मी त्याला खोटं बोलल्याची शिक्षा दिली. त्याने आता कोणतं बोलायचं? शिवणाच्या बाईंच्या हातून घडलेली मी, आणि 'काय झालं रे' एवढं विचारायचं मला सुचलं नाही. त्यानंतर मी दोन गोष्टी बंद केल्या : वर्गात गुण मोठ्याने वाचणं, आणि मुलाशी आधी बोलल्याशिवाय पालकांना बोलावणं.

भीतीने मुलं अभ्यास करतात, हा समज मी शिक्षक म्हणून जवळून पाहिला आहे. थोडी धाकधूक प्रत्येकालाच असते, तिने माणूस तयारीला लागतो. पण भीती वाढली की छाती धडधडते, हात गार पडतात, आणि शरीर पळायच्या नाहीतर लढायच्या तयारीला लागतं. त्या वेळी आठवणं, विचार करणं, गणिताची पायरी शोधणं मागे पडतं. 'घरी सगळं येत होतं, पेपर हातात पडला आणि काही आठवेना' असं मूल म्हणतं, ते बहाणा करत नसतं. सारासार विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. पंधरा वर्षांच्या मुलाला 'आजचं संकट सहा महिन्यांनी छोटं वाटेल' हे उमगत नाही, ते याच कारणाने. ते त्याला बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं.

हे नुसतं समुपदेशनाच्या पुस्तकातलं राहिलेलं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला. सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात होते, १,७६४. अशा घटनेला कारण एकच कधी नसतं, आणि निकालाच्या माथी सगळं मारणं बरोबर नाही. पण यातल्या कित्येकांच्या मनात काय चाललंय ते घरात कुणाला माहीत नव्हतं, हे पुन्हा पुन्हा समोर येतं.

आणि आजचा दाब आपल्यापेक्षा वेगळा आहे, हेही कबूल करू. आपला निकाल गल्लीला कळायचा; आजचा निकाल दुपारी एक वाजता मोबाइलवर येतो आणि सव्वा वाजता सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर असतो. आपल्या जळगाव-धुळ्याची मुलं दहावी झाली की लातूरला, कोट्याला, संभाजीनगरला क्लासला जातात. २०२४ साली 'नीट'ला देशभरात तेवीस लाखांहून जास्त मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. मुलं कितीही हुशार असली तरी बहुतेकांना जागा मिळणार नाही, हे साधं गणित आहे. आपण मात्र प्रत्येक घरात सांगतो की मनापासून केलं तर होतंच. मग नाही झालं की मुलाला वाटतं, मीच मनापासून केलं नाही. त्यात क्लासच्या फीसाठी बापाने कपाशीचे पैसे आगाऊ उचललेले असतात, आईच्या पाटल्या गेलेल्या असतात. हे मुलाला माहीत असतं. आपण बोललो नाही तरी माहीत असतं.

आता आपण काय करायचं, ते थोडक्यात. आपल्यापैकी बहुतेक जण आता आजी-आजोबा आहेत, आणि त्या नात्यात एक फायदा आहे. आई-वडिलांना जे सांगता येत नाही ते मुलं आजीला सांगतात.

पहिलं म्हणजे वाक्यं जपून वापरा. 'नापास झालास तर घरी येऊ नको' याऐवजी परीक्षेच्या आधीच सांगून ठेवा : 'निकाल काहीही लागला तरी आधी घरी ये. जेवू, मग बघू.' हे निकालाच्या दिवशी सांगून उपयोग नाही; तोवर मूल गाडीत बसलेलं असतं.

दुसरं, मूल काही वाईट सांगायला आलं की पहिली पाच मिनिटं आपण बोलायचं नाही. सल्ला नाही, उदाहरण नाही, 'तरी मी सांगत होतो' तर अजिबात नाही. काय झालं, कधीपासून, आणि तुला काय वाटतं काय करावं, एवढंच विचारायचं.

तिसरं, शरीराकडे लक्ष ठेवा. शाळेच्या वेळेलाच दुखणारं पोट, उडालेली झोप, बंद झालेलं खेळणं, एकाएकी आलेला गप्पपणा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं बोलणं. असं दिसलं तर सरळ आणि मायेने विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात ते येत नाही. उलट बोलायला वाट मिळते, असं जाणकार सांगतात. उत्तर हो आलं तर मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, नंबर १४४१६, रात्रंदिवस चालते, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलांवर घरात किंवा बाहेर अत्याचार होत असेल तर १०९८. हे दोन्ही नंबर स्मरणिकेत आहेत, ते कापून फ्रिजला लावा.

चौथं, मुलींचं. मुलीने छेडछाडीचं सांगितलं तर तिची शाळा, तिचा क्लास, तिचा मोबाइल बंद करू नका. ते केलंत तर पुढचं ती सांगणार नाही, आणि पुढचं याहून वाईट असू शकतं. शाळांमध्ये आता तक्रारपेटी आहे, २०२२ पासून 'सखी सावित्री' समित्या करायला शासनाने सांगितलं आहे. आपल्या नातीच्या शाळेत ती समिती कागदावर आहे की खरी आहे, हे एकदा जाऊन विचारा. आपण विचारायला लागलो की ती खरी होते.

पाचवं आपल्या शिक्षक झालेल्या वर्गमित्रांसाठी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही मनाई केली आहे. मारणं बरंच कमी झालं आहे. वर्गासमोर पाणउतारा करणं अजून चालूच आहे, आणि त्याचा वळ कुणाला दिसत नाही.

शेवटी एक प्रस्ताव मांडते आणि संपवते.

आपण या मेळाव्याच्या निमित्ताने शाळेला काहीतरी भेट द्यायची असं ठरतंय. कुणी म्हणालं प्रोजेक्टर, कुणी म्हणालं पाण्याची टाकी. दोन्ही द्या. पण आणखी एक बिनपैशाची भेट देऊ. दरवर्षी दहावीच्या निकालाच्या दिवशी आपल्यापैकी सात-आठ जणांनी दुपारी शाळेत येऊन बसायचं. मुख्याध्यापकांच्या संमतीने, ज्या मुलांचे विषय राहिले त्यांना संध्याकाळच्या आत फोन करायचा. घर जवळ असेल तर जायचं. मुलाशी बोलायचं आणि त्याच्या आई-वडिलांशीही बोलायचं, कारण त्या रात्री तेही घाबरलेले असतात. आपल्या वेळी ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागायचं. आता दहावीची फेरपरीक्षा निकालानंतर लवकरच होते, वर्ष वाचू शकतं. हे कितीतरी घरांत त्या दिवशी सुचत नाही. फॉर्म भरायला मदत करायची, गणित-इंग्रजीचे तास घ्यायचे. आपल्या वर्गात चार निवृत्त शिक्षक आहेत, दुपारी झोपण्याशिवाय आम्हाला काम नाही.

हे मी आपल्या सुरतेच्या मित्राला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "पहिला फोन मी करीन. मी काय बोलायचं ते मला माहीत आहे." मी विचारलं, काय बोलशील? तो म्हणाला, "विचारीन, बाळा, घरी पोचलास का? जेवलास का?"

मित्रा, तुझ्या वेळी हा फोन आपल्यापैकी कुणी केला नाही. वर्गाच्या वतीने मी तुझी माफी मागते. आणि तुझ्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते इथे सगळ्यांसमोर देते : हो, नापास झालेल्यांनापण बोलावतो. तू आमच्याच वर्गातला आहेस.